उजनीचं ५३ टीएमसी आणि १२ मेगावॅट: भरवशाची वीज काढायची तर धरण केवढं लागतं

सोलापुरात उन्हाळा लागला की पेपरात रोज एक चौकट येते, उजनी आज किती टक्के, दौंडवरून किती क्युसेक (सेकंदाला घनफूट) येतंय, कालव्यात किती, बोगद्यात किती, सीना-माढा उपसा किती, दहिगाव किती, आणि त्यातच एक ओळ असते वीजनिर्मितीची, चालू असली की बहुतेक वेळा १६०० क्युसेक. बाकीच्या ओळींवरून मोर्चे निघतात, गावागावात भांडणं होतात, पण या ओळीकडे फारसं कोणी बघत नाही. माझ्याकडे प्रोजेक्टला असलेल्या सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाच्या चार पोरांनी नेमकी हीच ओळ धरली. त्यांचा प्रश्न असा की धरणाच्या पायथ्याशी १२ मेगावॅटचं मशीन आहे, ते वर्षभर चोवीस तास भरवशाने चालवायचं ठरवलं तर उजनीत केवढा साठा लागेल? म्हणजे शेती, सोलापूर शहर, पंढरपूरची वारी हे सगळं घटकाभर बाजूला ठेवलं आणि उजनी फक्त विजेसाठीच बांधली असं समजलं तर.

हा सगळा अभ्यास इथे लिहून ठेवतोय कारण साठा किती लागतो हा प्रश्न बहुतेक लोक सरासरीवर सोडवतात आणि तिथेच गंडतात. यात धरणाचे आकडे खरे आहेत. वर्षावर्षाची आवक मात्र आम्ही हिशोबासाठी धरलेली आहे, ती कुणी रेकॉर्ड म्हणून पुढे ढकलू नये.

आधी धरण. माढा तालुक्यात भीमेवर, १९८० ला पूर्ण झालं, जलाशयाचं नाव यशवंतसागर. एकूण साठा ११७ टीएमसीच्या (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) थोडा वर, त्यातला ६३.६६ मृत, म्हणजे एरवी वापरायचा नसलेला तळाचा, आणि ५३.५७ उपयुक्त. पेपरातला टक्का हा या ५३.५७ चा असतो, म्हणून तर तो उणे होऊ शकतो, आणि पावसाळ्यात पाणी थोडं वर चढवतात तेव्हा ११० च्या आसपासही जातो. मृत साठ्याची पातळी ४९१.०३ मीटर, पूर्ण संचय पातळी ४९६.८३. आता ही वजाबाकी करून बघा, ५.८ मीटर. एवढ्या तीन-साडेतीन माणूस उंचीच्या थरात ५३ टीएमसी मावतंय, म्हणजे १५१७ दशलक्ष घनमीटर, म्हणजे पाण्याचा पसारा सरासरी २६० चौरस किलोमीटरच्या आसपास असला पाहिजे. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो डोकं खाणार आहे.

आता वीज. १ टीएमसी पाणी १ मीटर खाली पाडलं आणि मशीनची एकूण कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर साधारण ६५ हजार युनिट मिळतात. किती मीटर पडतं याला आपण हेड म्हणतो. उजनीला हेड किती धरायचा हे पोरांनी त्या १६०० क्युसेकवरूनच उलटं काढलं, तेवढ्या पाण्यात १२ मेगावॅट निघत असेल तर हेड ३० मीटरच्या आसपास बसतो, म्हणून भरलेल्या धरणाला ३० धरला. म्हणजे १ टीएमसीला साधारण २० लाख युनिट. (कोयनेला हाच हेड पावणेपाचशेच्या घरात आहे, तिथे तेच १ टीएमसी तीन कोटी युनिट देतं. म्हणून घाटावरून कोकणात पाणी सोडायचा मोह कुणालाच आवरत नाही, आणि मुळशीचं पाणी १९२७ पासून भिऱ्याला खाली जातंय ते भीमेत कधी येतच नाही. तो वाद वेगळा आहे, आत्ता नको.)

१२ मेगावॅटला ३० मीटर हेडवर ४८ घनमीटर प्रति सेकंद लागतं, म्हणजे १७०० क्युसेकच्या जवळ, म्हणजे दिवसाला ०.१४६ टीएमसी. गुणिले ३६५ केलं आणि पोरांचे डोळेच मोठे झाले. ५३.४ टीएमसी. उपयुक्त साठा ५३.५७. एकाने लगेच निकाल लावून टाकला, "सर, मग विषयच संपला की, धरण एकदा भरलं की वर्षभर लाईट, दरवर्षी पाऊस पडतोच!"

योगायोग भारी आहे पण तो फक्त योगायोगच आहे. यात पाच-सहा ठिकाणी पाणी गळतंय.

पहिलं म्हणजे पावसाळ्यात साठ्याची गरजच तेवढी नसते. चार महिने नदी वाहती असते, तेव्हा मशीन येणाऱ्या पाण्यावर चालतं, साठा लागतो तो साधारण १५ ऑक्टोबर ते १५ जून या आठ महिन्यांना. २४३ दिवस गुणिले ०.१४६, म्हणजे ३६ टीएमसी. इथपर्यंत बातमी चांगलीच आहे, ५३ च्या ऐवजी ३६ मध्येच भागतंय.

पण पाणी वापरलं की पातळी खाली जाते आणि पातळी गेली की हेड जातो. कोयनेसारख्या ठिकाणी पाच-सहा मीटर पातळी उतरली तर फारसं काही बिघडत नाही, पावणेपाचशेतले पाच म्हणजे एक टक्का. उजनीला ३० मधले ५.८ म्हणजे जवळपास २० टक्के. तळाला हेड राहतो २४.२, आणि तेवढ्याच विजेला पाणी लागतं २१०० क्युसेक. सरासरी २७ मीटर धरला तर आठ महिन्यांची गरज ३६ वरून ४० वर जाते. आणि हा सुद्धा कागदावरचा हिशोब झाला, कारण हेड कमी झाल्यावर तेच टर्बाईन जास्त पाणी गिळू शकत नाही, उलट कमी गिळतं. गेट पूर्ण उघडं ठेवलं तरी वीज हेडच्या दीड घाताने उतरते, म्हणजे ३० मीटरला १२ मेगावॅट देणारं मशीन २४.२ मीटरला पावणेनऊ मेगावॅटच्या आसपास येतं. तिथे धरणात कितीही पाणी असो, मशीनच देत नाही. म्हणून भरवशाचे १२ हवे असतील तर मशीनच असं निवडावं लागतं की ते सगळ्यात खालच्या पातळीला १२ देईल, आणि ते मग आकाराने मोठं आणि महाग. आम्ही पुढच्या हिशोबासाठी तसं मशीन आहे असं धरून चाललो.

मग बाष्पीभवन. इथे तो २६० चौरस किलोमीटरचा पसारा आठवा. सोलापूरचं ऊन काय असतं ते मी सांगायला नको. मे महिन्यात दिवसाला १० मिलिमीटर उडालं असं धरलं आणि धरण बऱ्यापैकी भरलेलं असलं तर रोज ०.०९ टीएमसी नुसतं हवेत जातं, म्हणजे टर्बाईन दिवसाला जेवढं पितं त्याच्या निम्म्याहून जास्त, एक पैशाची वीज न देता. आठ महिन्यांची सरासरी ६ मिलिमीटर धरली आणि धरण रिकामं होत जाईल तसा पसारा आक्रसतो हे जमेस धरलं तरी १३ टीएमसी जातं. आणि याची गंमत म्हणजे हे १३ तुम्ही वीज किती काढता यावर फारसं अवलंबून नाही. अर्धीच वीज काढली तरी ऊन अर्धं होत नाही, उलट पाणी जास्त दिवस पसरून राहतं म्हणून थोडं जास्तच उडतं.

४० अधिक १३, त्रेपन्न. फिरून परत तिथेच आलो, फक्त आता त्याचा अर्थ पार बदलला. ५३.५७ चा अख्खा उपयुक्त साठा, शेतकऱ्याला एक थेंब न देता, फक्त पुढच्या जूनपर्यंत पुरतो, आणि तो सुद्धा ऑक्टोबरला धरण काठोकाठ भरलेलं असेल तर. त्या 'तर' वरच खरा अभ्यास सुरू होतो.

ऑक्टोबरला धरण भरलेलं असेल याचा भरवसा काय? २०२३ च्या पावसाळ्यात उजनी साठ टक्क्यांच्या आसपासच अडकली आणि २०२४ च्या जूनच्या सुरुवातीला उणे साठ टक्क्यांपर्यंत गेली. मग त्याच वर्षी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात शंभरी पार. उणे साठ ते शंभर म्हणजे १६० टक्के, म्हणजे ८५ टीएमसीच्या वर पाणी दोन महिन्यात आलं. २०१९ ला पण असंच झालं होतं, जुलैपर्यंत कोरडंठाक आणि ऑगस्टात दरवाजे उघडे. सरासरी काढायला गेलात तर दोन्ही वर्षं मिळून सगळं झकास दिसतं.

ही नदी एवढी लहरी का, याची दोन कारणं. एक तर सगळ्यांना माहितीये, उजनीत येणारं पाणी सोलापूरच्या पावसाचं नाहीच, इकडे वर्षाला पाच-साडेपाचशे मिलिमीटर पडतो, पाणी येतं ते भीमाशंकर, लोणावळा, पानशेत या घाटपट्ट्यातून. तिथे दोन आठवडे पाऊस झाला तर झाला, नाही तर वर्ष गेलं. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं आणि त्यावर बोलणं कमी होतं. उजनीच्या वर खडकवासला, पानशेत, वरसगाव, पवना, चासकमान, भामा आसखेड, डिंभे, माणिकडोह, घोड अशी धरणांची माळ आहे आणि ती आधी भरतात, उजनीला उरलेलं येतं. आता समजा एखाद्या वर्षी खोऱ्यात निसर्गतः १०० आलं, वरच्यांनी त्यांचे ६० ठेवून घेतले, खाली ४० आले. पुढच्या वर्षी पाऊस ३० टक्के कमी पडला, ७० आले. वरचे ६० घेणारच, पुणं काय तहानलेलं राहणार नाही. खाली आले १०. वर ३० टक्क्यांची तूट, खाली ७५ टक्क्यांची. म्हणजे वरची धरणं नदीचा लहरीपणा कमी करत नाहीत, तुमच्या वाट्याला येणारा लहरीपणा वाढवतात. आणि पुण्याची गरज दरवर्षी वाढते, म्हणून दौंडचं १९८० सालचं रेकॉर्ड आणि आजचं रेकॉर्ड एका सरीत बसवून त्याची सरासरी काढणं मला तरी पटत नाही. आधी नैसर्गिक प्रवाह काढा, मग त्यातून आजचा वरचा वापर वजा करा, मग काय उरतं ते बघा. हे काम कंटाळवाणं आहे, पोरं टाळतात, सल्लागार कंपन्यासुद्धा टाळतात.

आता मोजायचं कसं. पद्धत जुनीच आहे, रिप्पल नावाच्या इंजिनिअरने १८८३ ला मांडलेली, येणारं पाणी आणि लागणारं पाणी दोन्हीची चढती बेरीज करत जायची आणि त्या दोघांत सर्वात जास्त तूट कुठे पडते ते शोधायचं, ती तूट म्हणजे तुमचा साठा. आम्ही ते एक्सेलमध्ये तूट-बेरीज पद्धतीने केलं. गरज अशी धरली: पावसाळ्याच्या चार महिन्यात १८, उरलेल्या आठ महिन्यात ४० अधिक बाष्पीभवन १३ म्हणजे ५३, मिळून वर्षाला ७१ टीएमसी.

पहिल्या वर्षी ऑक्टोबरला धरण भरलेलं. पुढच्या पाच वर्षांची धरलेली आवक अशी: ४०, ३५, ११०, ६०, १५०. सरासरी ७९, गरजेपेक्षा ८ ने जास्त. सरासरीवाल्याला विचाराल तर तो म्हणेल बांधा, काय अडचण आहे.

पहिल्या जूनला तूट ५३. मग ४० आले, त्यातले १८ पावसाळ्यातच गेले, २२ साठले, ऑक्टोबरला तूट ३१ राहिली. पुढच्या जूनला ८४. मग ३५ आले, १७ साठले, ऑक्टोबरला ६७, आणि त्याच्या पुढच्या जूनला १२०. मग ११० आले आणि श्वास घेता आला, तूट २८ वर आली, जूनला परत ८१, ६० आले, ३९, जूनला ९२, मग १५० आले आणि सगळं भरून वाहिलं.

सर्वात मोठी तूट १२० टीएमसी. मृत साठ्यासकट अख्खी उजनी ११७ आहे. १२ मेगावॅटसाठी!

मग मी पोरांना तेच आकडे उलटसुलट करायला सांगितले. ४०, ११०, ३५, १५०, ६०. तीच वर्षं, तीच सरासरी, तेवढाच चढउतार, फक्त दोन वाईट वर्षांच्या मध्ये एक चांगलं आलं. सर्वात मोठी तूट आली ८९. म्हणजे नुसत्या क्रमाने ३१ टीएमसीचा फरक पडला, आणि ३१ टीएमसी म्हणजे खडकवासला साखळीच्या चारही धरणांच्या एकूण उपयुक्त साठ्यापेक्षा जास्त. साठा ठरवताना नदीची सरासरी महत्त्वाची आहेच, पण वाईट वर्षं एकमेकांना चिकटून येतात का हे त्याहून महत्त्वाचं. हर्स्ट नावाच्या जलशास्त्रज्ञाने नाईलच्या शेकडो वर्षांच्या नोंदी बघून १९५१ ला हेच दाखवलं की नदीला वाईट वर्षं आली की ती घोळक्याने येतात, नाणं उडवल्यासारखी सुटी सुटी येत नाहीत. आपल्याकडे १९७२ चा दुष्काळ म्हातारी माणसं सांगतात तेव्हा नीट ऐका, ते एकाच वर्षाचं कधीच सांगत नाहीत, त्याच्या आधीच्या वर्षापासून सुरुवात करतात.

आता ७५ टक्के विश्वासार्हता, ज्यावरून कृष्णा खोऱ्याचं सगळं वाटप झालं (बच्छावत लवादाने ७५ टक्क्यांवर २०६० टीएमसी धरले, नंतर ब्रिजेशकुमार लवाद ६५ टक्क्यांवर गेला), तिचा अर्थ चार वर्षांत तीन वर्षं तेवढं पाणी मिळेल एवढाच. उरलेली वर्षं शेजारी शेजारी आली की लांब लांब, याबद्दल तो आकडा गप्प आहे. आपल्याकडे सिंचनाला ७५ टक्के, जलविद्युतला ९० टक्के आणि पिण्याला त्याहून वर असं धरायची रीत आहे. ३९ वर्षांची आवक उतरत्या क्रमाने लावली की ३६ वं वर्ष हे ९० टक्क्यांचं वर्ष. घाटातल्या छोट्या, साठा नसलेल्या प्रकल्पाला हे ठीक चालतं, कारण तिथे मागच्या वर्षाचा या वर्षावर काहीच परिणाम नसतो. मोठ्या साठ्याला मात्र मागचं वर्ष पाठीवर घेऊनच पुढचं काढावं लागतं, तिथे एकटं वर्ष उचलून चालत नाही.

पोरांनी आणखी एक चांगलं काम केलं. साठा ५३.५७ वरच ठेवला आणि त्या पहिल्या क्रमाच्या सहा वर्षांत मशीन कुठे बंद पडतं ते बघितलं. दुसऱ्या वर्षी २२ च साठले, ते जानेवारीअखेर संपले. तिसऱ्या वर्षी १७, जानेवारीच्या सुरुवातीलाच खल्लास. पाचव्या वर्षी ४२, एप्रिलअखेर. आता या धरणाचा भरवसा किती म्हणायचा? सहा वर्षांत तीन वर्षं नापास, म्हणजे ५० टक्के. पण महिने मोजले तर ७२ मधले साधारण १२ च महिने बंद, म्हणजे ८३ टक्के. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, आणि ज्याला प्रकल्प मंजूर करून घ्यायचा आहे तो कुठलं उत्तर पहिल्या पानावर छापेल हे सांगायची गरज नाही. माझं मत विचाराल तर तिसरा आकडा मागायचा, एकदा बंद पडलं की सलग किती महिने बंद. इथे तो साडेपाच महिने आहे, आणि तो नेमका उन्हाळ्यात, जेव्हा विजेला मागणी सर्वात जास्त असते.

खरी मजा मात्र वीज कमी केल्यावर आली. १२ च्या ऐवजी ८ मेगावॅटच भरवशाचे मागितले तर त्याच वाईट क्रमाला साठा लागतो ६८. ७ ला ५५. ६ ला ४२. बघा, वीज १२ वरून ६, म्हणजे निम्मी केली, आणि साठा १२० वरून ४२, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश झाला, ते सुद्धा बाष्पीभवनाचे १३ कमी न करता. कारण ६ मेगावॅटला वाईट वर्षाची आवक सुद्धा त्या वर्षापुरती बरीचशी भागवते, पुढच्या वर्षावर फारसं कर्ज चढत नाही. १२ ला ते कर्ज चढत जातं. नदी जे देऊ शकते त्याच्या जितकं जवळ जाल तितका प्रत्येक वाढीव मेगावॅट महाग, आणि शेवटचा तर विचारूच नका. उजनीच्या ५३.५७ मध्ये, सगळं पाणी विजेला दिलं तरी, सात मेगावॅटच्या जरासं खालीच भरवशाचं बसतं.

आणि सगळं पाणी विजेला कोण देणार? कालवा, बोगदा, उपसा योजना यांचं पाणी पायथ्याच्या मशीनमधून जात नाही, ते बाजूनेच वर निघतं. म्हणजे उसाला सोडलेला प्रत्येक टीएमसी विजेच्या दृष्टीने गेला, आणि तो जावा यासाठीच तर धरण बांधलंय, त्याबद्दल तक्रार नाही. पावसाळ्यात दरवाजातून लाखभर क्युसेक सुटतं तेव्हा मशीन आपलं १६००-१७०० घेतं, बाकीचं तसंच पंढरपूरकडे. त्या १५० टीएमसीच्या वर्षातलं धरण भरल्यावरचं पाणी विजेच्या काही कामाचं नाही, आणि वरून नीरा नरसिंगपूरला, म्हणजे नीरा-भीमेच्या संगमावर, वीर धरणाचं पाणी येऊन मिळत असेल तर उजनीत पुरासाठी जागा राखून ठेवावी लागते ती वेगळी. विजेला वाटतं ऑगस्टलाच भरून घ्या, पंढरपूरला वाटतं थांबा जरा.

राहतं नदीत सोडलेलं पाणी. सोलापूर शहरासाठी औज बंधाऱ्यापर्यंत भीमेतून पाणी सोडतात, ते मशीनमधून काढता येतं. पोरांपैकी एकाने लगेच सुचवलं की काही हजार क्युसेकचा लोंढा सोडण्याऐवजी १६०० ने सावकाश जास्त दिवस सोडा, सगळं टर्बाईनमधून जाईल. ऐकायला बरोबर वाटतं, पण मी त्याला सांगितलं की बाबा एकदा भीमेच्या काठाने औजपर्यंत जाऊन ये आणि मोटारी मोज. सावकाश सोडलेलं पाणी वाळूत मुरतं, काठावरच्या मोटारी ओढतात, आणि औजला पोचेपर्यंत निम्मं राहिलं तरी नशीब. शहराला पाणी पोचवायचं तर लोंढाच बरा. विजेसाठी सावकाश, शहरासाठी जोरात, यात शहर जिंकणार आणि जिंकायलाच पाहिजे.

मग या १२ मेगावॅटचं करायचं काय. इथे एक गोष्ट मशीननेच सोपी केलीये, उजनीचं मशीन उलटं पण फिरतं, म्हणजे खाली पडलेलं पाणी पंपाने परत वर चढवता येतं. चोवीस तास १२ मेगावॅट हे मागणंच चुकीचं होतं असं आता पोरांचंही मत झालंय. संध्याकाळचे चार तास भरवशाने द्या म्हटलं तर दिवसाला ४८ हजार युनिट, पाणी ०.०२७ टीएमसी, वर्षभर रोज चालवलं आणि थेंबही परत चढवला नाही तरी १० टीएमसीच्या आत. त्या वाईट क्रमाला सुद्धा साठा लागतो २० च्या आसपास, त्यातले १३ उन्हाचे, आणि एकही वर्ष पुढच्या वर्षावर कर्ज टाकत नाही. दिवसा सोलापूरच्या उन्हाला सोलर पॅनल लावून त्याच विजेने पाणी वर चढवलं तर पाण्याचा निव्वळ खर्च आणखी उतरतो, अर्थात चढवताना-उतरवताना चार युनिटमधलं एक तरी जातंच.

कोणी म्हणेल फताटेवाडीला एनटीपीसीचं १३२० मेगावॅट उभं आहे, ते पण उजनीचंच पाणी घेतं, तिथे तुमचे १२ कुठे दिसणार. बरोबर आहे. पण कोळशाचं मशीन संध्याकाळी पटकन चढत-उतरत नाही, पाण्याचं मिनिटांत चढतं, चार तासांची किंमत त्यात आहे.

रिपोर्टमध्ये शेवटी नियम असा लिहिला. दर १५ ऑक्टोबरला पातळी बघायची. धरण ६० टक्क्यांच्या वर असेल तर जूनपर्यंत रोज संध्याकाळचे चार तास पक्के. त्याच्या खाली असेल तर विजेसाठी वेगळं पाणी सोडायचं नाही, फक्त नदीत जे जाणारच आहे त्यातलं मशीनला बसेल तेवढं मशीनमधून, आणि खाली अडवलेलं पाणी वर-खाली फिरवत राहायचं. पातळी ४९१.०३ ला आली की मशीन बंद, वाद नाही. या ६० च्या आकड्यावर आमच्यात अजून एकमत नाही, दोन पोरांचं म्हणणं ७० हवं कारण वरच्या धरणांचा वापर पुढच्या दहा वर्षांत वाढणार, आणि त्यांच्या बाजूने बोलायचं तर आम्ही बाष्पीभवन अजून आठ महिन्यांची एकच सरासरी धरून काढलंय. महिन्यामहिन्याच्या पातळीप्रमाणे पसारा घेऊन ते परत काढायचं काम आता चालू आहे, ते झालं की ६० का ७० ते ठरेल.